तोंडावर सात कपडे

मित्रांनो, तोंडवलीच्या खाडीतून माणसांना पैलतीरी नेणारी गंगारामची होडी ज्याच्या जोरावर चालते, ते जुनं डिझेल इंजिन म्हणजे मी. रडगाणं गाणार नाही, इंजिनाला तसलं काही जमत नाही. घडलं ते सांगतो.

कारखान्यातून आलो तेव्हा माझ्या अंगावर निळा रंग चकाकत होता. होडीत बसवल्यावर गंगारामने नारळ फोडला आणि बायकोला, हौसाबाईला म्हणाला, "आवाज ऐक गो! वाघ आसा वाघ." पहिली काही वर्षं मी होतोही तसा. डिझेल थोडकंच लागे आणि धूर म्हणाल तर नावाला.

पुढे हे कौतुकच माझ्या अंगाशी आलं. आंगणेवाडीच्या जत्रेला गंगाराम दरवर्षी जातो. एकदा तिथून त्याने माझ्यासाठी देवीचा लाल कपडा आणला आणि वाळू आत जाऊ नये म्हणून नेमका माझ्या हवा घेण्याच्या तोंडावर बांधला. पुढच्या वर्षी नवा आणला. जुना देवीचा, तो काढायचा कसा? मग त्याच्यावरच दुसरा. असे सात झाले!

आता माझ्या पोटातली गोष्ट ऐका. डिझेल नीट जळायला भरपूर हवा लागते. ती कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी होऊन नळीतून बाहेर पडतं. माझा जोर घटला. गंगारामने काय करावं? स्क्रू पिळून डिझेल वाढवलं! मी आणखी काळा धूर ओकू लागलो. "धूर येता म्हणजे जीव आसा," असं तो ऐटीत सांगे. इकडे शाळकरी मुलींचे पांढरे गणवेश काळवंडत होते आणि हौसाबाईचा खोकला हटत नव्हता. लोक नाकाला रुमाल लावू लागले, मग लांबच्या पुलावरून एसटीने जाऊ लागले. शेवटी गंगारामनेच हाय खाल्ली. "इंजिन थकला आता," म्हणाला आणि भंगारवाल्याला सोमवारी यायला सांगून आला. मला भंगारात जायचं नव्हतं, हे सरळच सांगतो.

रविवारी त्याची पुतणी अस्मिता आली. ती मुलांना इंजिनदुरुस्ती शिकवते. तिने माझ्या तोंडाकडे हात नेला तसा गंगाराम ओरडला, "हात लावू नको गो! देवीचो कपडो आसा तो."

"काकानू, ह्येचो श्वास कोंडलो आसा," अस्मिता म्हणाली. "तुमी तोंडार सात कपडे बांधून धावून दाखवा बगूया!"

दोघंही हटेनात. तेवढ्यात हौसाबाई पुढे आली. तिने आधी हात जोडले, मग नवऱ्याला म्हणाली, "देवी आवस आसा, सगळ्यांची आई. आवशीन लेकराचा तोंड बांधूक सांगल्यान काय कधी?" तिने एकेक गाठ सोडली आणि सातही कपडे घडी घालून देवघरात नेले.

अस्मिताने काजळलेली हवेची जाळी धुतली, डिझेल फवारणारं नोझल साफ केलं, स्क्रू मूळ जागी आणला आणि मला चालू केलं. गंगाराम नळीकडे बघून घाबरलाच. "मेला काय रे देवा! धूर खंय?"

"धूर नाय, म्हणूनच जीव आसा काकानू," अस्मिता हसली.

सोमवारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. गंगारामने त्याला चहा पाजून रिकाम्या हाती परत पाठवलं. मग माझ्यावर हात ठेवून तो खालच्या आवाजात म्हणाला, "माज्याच हातान तुजो गळो आवळलंय रे." मला राग नव्हता. त्याने जे केलं ते मायेनेच केलं होतं. फक्त मला हवा पुरते का, हे बघितलं नव्हतं.

तेव्हा मित्रांनो, आमची पूजा खुशाल करा, पण आमच्या जाळ्याही धूत जा आणि स्क्रू उगाच पिळू नका. नळीतून काळा धूर येऊ लागला तर तो जोर समजू नका. ते आमचं गुदमरणं असतं.