हात धुतलेल्या पाण्याची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी चावडी आहे. शेवगावच्या बाजूला एका लहानशा बाजारगावात, वेशीला लागून उभी आहे. काळा दगड, पाच कमानी आणि सागवानी खांब. थोडी मिरवते, पण खोटं काही सांगत नाही.

मला बांधलं तेव्हा घाणीला बैल जुंपून चुना दळला होता. त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घातलं होतं. माझ्या ओसरीवर बांधाचे तंटे मिटले, देवीची लस टोचली गेली. शाळा गळायला लागली की मुलंही इथेच येऊन बसत. तो गलका मला फार आवडायचा.

मग कुणाला तरी मला नटवायची हौस आली. पश्चिमेच्या भिंतीवर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा चढला आणि आतली ओल आतच कोंडली. काही वर्षांत गिलावा फुगला, त्याचे पोपडे पडू लागले. बहात्तरच्या दुष्काळात सरपंच काकासाहेब म्हणाले, "भिंत पडायला झालीया. चावडी पाडू आन् दगडाची खडी करू. रस्त्याच्या कामाला हुईल."



म्हातारा गवंडी पीरमहंमद पुढे झाला. त्याच्या बापाने मला बांधलं होतं. "भिंत धडधाकट हाय, सरपंच. रोग वरच्या कातड्याला हाय. आठ दिस द्या, वरचं शिमिट काढून दावतो, मंग चुन्यानं नीट करतो."

"आन् चुना भिजवायला पानी? प्यायला टँकरची वाट बघतोय आपन."

दुष्काळी कामावर खडी फोडणारी चांगुणा ओसरीवर भाकरी खात होती. तिने विचारलं, "हात धुतलेलं पानी चालंल का?"

"चुन्याला सोवळं न्हाई, चांगुणाबाई. वल पायजे."

काकासाहेबांनी आठ दिवस दिले. दुसऱ्या दिवसापासून गावात कुणी जमिनीवर हात धुतले नाहीत. सगळे परातीत धुवायचे आणि परात माझ्या दारात आणायचे. तिसऱ्या दिवशी काकासाहेबांच्या घरचीही आली. इकडे चुना भिजत होता, तिकडे पीरमहंमद छिन्नीने सिमेंट उतरवत होता.

आठव्या दिवशी काकासाहेबांनी उघड्या दगडांच्या सांध्यात स्वतः पहार घातली. पहार टणकन मागे आली. त्यांनी पुन्हा घातली, पुन्हा तेच.

"लाव चुना," ते म्हणाले आणि पहार घेऊन घरी गेले.

मित्रांनो, जुनी भिंत पाडायला निघाल, तेव्हा तिच्या अंगावर कुणी काय थापलंय ते आधी खरवडून बघा. आणि माझ्या पश्चिमेच्या भिंतीला जरा जपून हात लावा. तिच्यात अख्ख्या गावाने हात धुतलेलं पाणी आहे.