आला का कागद?

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आमच्या घरात कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे. तरी त्या दिवशी ओक-रानचा मोबाइल माझ्याच हातात आला.

किमची घालायचा, हिवाळ्यासाठी कोबीचं तिखट लोणचं भरायचा दिवस होता. दरवर्षीसारख्या आम्ही तिघी जावा थोरल्या जाऊबाईंच्या अंगणात जमलो होतो. माल-सुनताई थोरल्या, मी मधली, ओक-रान धाकटी. मिठात मुरलेला कोबी सकाळीच धुऊन निथळत ठेवला होता. ताई आणि ओक-रान कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून मसाल्याच्या टोपाशी बसल्या होत्या, आणि मी चुलीपाशी. डुकराचं मांस उकडायचं काम माझ्याकडे, कारण मसाला मी भरला की खारट होतो म्हणे. होऊ दे. माझे हात तेवढे स्वच्छ राहतात.

मसाल्यात घालायला ताईंनी पातेलंभर कालवं आणली होती. त्या कालवांच्या शेडमध्येच कामाला जातात. सत्तरीला टेकलेली बाई पहाटे उठते आणि ओल्या फरशीवर उभी राहून दिवसभर सुरीने कालवं फोडते. हौस म्हणून नव्हे हो. ओक-रानने तळलेल्या कोंबडीचं दुकान काढलं, तेव्हा कर्जाला जामीन ताई राहिल्या. आधी ती माझ्याकडे आली होती. मी तोंडावर सांगितलं, "सही सोडून काय हवं ते माग." ताईंना असलं बोलता येत नाही.

दुकान बसलं. ओक-रान कोर्टात गेली. कोर्टाने तिची कमाई बघून हप्ता बांधून दिला, की तीन वर्षं एवढं भर, उरलेलं माफ. त्यात काही विशेष नाही, आमच्या गल्लीतलेच तिघेचौघे त्या वाटेने गेलेत. पण तिच्या हप्त्यातून त्या कर्ज देणाऱ्या कंपनीच्या हातात चिंचोकेच पडत होते, म्हणून कंपनीने ताईंना धरलं. घरामागचं रताळ्याचं शेत गेलं. ते पुरलं नाही, म्हणून कालवं.

ताईंनी कधी ब्र काढला नाही. कारण ओक-रानने त्यांना सांगून ठेवलं होतं, "ताई, माझे हप्ते संपले आणि कोर्टाचा कागद आला की सगळं मिटतं." ते 'सगळं' ताई उराशी धरून बसल्या होत्या. शेवटचा हप्ता गेला, सुटकेचा अर्ज गेला, आणि त्या दिवसापासून ताईंचं एकच. बाजारात भेटल्या की, "आला का कागद?" फोन केला की, "आला का गं?" पितरांचं पान वाढताना, सगळे हात जोडून उभे असताना, माझ्या पलीकडे वाकून हळूच, "ओक-रान, आला का?"

"नाही हो ताई," ती म्हणायची. "कोर्टाचं काम. लागतो वेळ."

आणि मान खाली. आमच्यात बसून जेवेना. ताईंकडे आली की न सांगता न्हाणीघर घासायला घ्यायची, नाहीतर खिडक्या पुसत बसायची. मला वाटायचं, उपकाराचं ओझं आहे बिचारीला. मी तर नवऱ्याला म्हणाले होते, "बघा, लाज असावी तर अशी."

तर मोबाइल वाजला. चटईच्या कडेला होता. ओक-रानने नुसतं बघितलं आणि पुन्हा कोबीची पानं उलगडायला लागली.

"अगं, बघ की कोण आहे," ताई म्हणाल्या.

"असू दे. माझे हात भरलेत."

"तुझे भरलेत, हिचे कुठे भरलेत? फिल-जा, बघ गं. कोर्टाचं असेल!"

"नको!" ओक-रान जवळजवळ ओरडलीच. "मी बघते नंतर. नको ना, मधल्या ताई."

मी काय ऐकतेय! नको म्हटलं की माझे हात आधी जातात. वकिलाच्या ऑफिसातून मेसेज होता. पहिलीच ओळ बघून मी किंचाळले, उभी राहिले आणि बातम्या देतात तशी घडाघडा वाचत सुटले.

"कोर्टाने आपली कर्जमुक्ती मंजूर केली आहे. अभिनंदन! आता आपल्यावर कोणतंही देणं उरलेलं नाही. सुरुवातीलाच समजावून सांगितल्याप्रमाणे, जामीनदाराला ही मुक्ती लागू होत नाही. त्यांच्याकडून वसुली पूर्वीसारखीच चालू राहील."

वाचून झालं, आणि मग मला कळलं मी काय वाचलं. मेली ही जीभ, एका ओळीवर थांबली असती तर काय बिघडलं असतं?

ताई पहिल्या ओळीलाच हसायला लागल्या होत्या. हसू तसंच राहिलं तोंडावर, त्याला उतरायचं सुचेना. "परत वाच," त्या म्हणाल्या. "शेवटचं. जामीनदाराचं काय ते."

मी परत वाचलं. या वेळी हळू.

"जामीनदार म्हणजे मीच ना?"

"हो ताई."

"आणि 'सुरुवातीलाच' म्हणजे कधी?"

हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. ओक-रान हातात अर्धा भरलेला कोबी धरून बसली होती. "पहिल्याच दिवशी," ती म्हणाली. "वकिलाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला माहीत होतं, ताई."

"तीन वर्षं?"

"रोज ठरवायची, आज सांगते. तुम्ही 'आला का' विचारायचात आणि माझी जीभ टाळ्याला चिकटायची. मला वाटायचं, येऊच नये तो कागद."

मला इतका राग आला की हातातला झारा फेकून मारावा! "अगं, ही बाई तुझ्यापायी बर्फाच्या पाण्यात हात घालते आणि तू हिच्या खिडक्या पुसतेस? खिडक्या?"

"फिल-जा, तू गप्प बस," ताई म्हणाल्या.

बसले. खरं सांगायचं तर मलाही कुठे तोंड वर करायची सोय होती? सही न करून मी फार शहाणी ठरले होते, आणि तीन वर्षांत मीही ताईंना कधी विचारलं नव्हतं की किती राहिलेत, कसं भागवता. डोळ्यांत पाणी आलं ते मी चुलीच्या धुरावर ढकललं.

ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हिशेब जुळेना म्हणून विचारात पडल्यासारख्या हातमोज्यातली बोटं मोजू लागल्या. मग म्हणाल्या, "या महिन्याचा हप्ता मी भरलाच नाही. म्हटलं, कागद येतोच आहे, उगाच कशाला पैसे घालवा? त्यातूनच ही कालवं घेतली, कोबी घेतला. म्हटलं, यंदा सगळ्यांना पोटभर होऊ दे."

ओक-रानच्या तोंडून आवाज फुटला, पण तो रडण्याचा म्हणवेना. "ताई, मी भरते. आजपासून सगळे हप्ते मी भरते. आता माझा पगार माझ्या हातात येणार. नंबर सांगा, खातं सांगा—"

"पैशाचं बघू." ताईंनी एकेक हातमोजा ओढून काढला. बोटांवर सुरीच्या चिरा होत्या, जुन्या आणि नव्या. "हप्ता चुकल्यापासून ती बाई रोज फोन करते. वसुलीवाली. माझ्या मुलीच्या वयाची असेल. शेडमध्ये सगळ्यांच्या देखत फोन येतो. पैसे मागते त्याचं काही नाही, तिचं ते कामच आहे. पण विचारते, 'आजीबाई, दुसऱ्याचे पैसे बुडवता, लाज नाही वाटत?' मी सांगायचे, 'बाळ, थोडं थांब, कागद येतोय.' आता काय सांगू तिला?"

मांस उकळून उतू गेलं, कोणी उठलं नाही.

दुपारी फोन आला. खोटं नाही सांगत, आम्ही कोबी भरून मडक्यात रचत होतो आणि ताईंच्या एप्रनच्या खिशात तो वाजला. ताईंनी काढला, नंबर बघितला आणि तो ओक-रानपुढे धरला.

ओक-रानने हातमोजे काढले. हात पुसले, पुन्हा पुसले. मग घेतला.

"हॅलो... नाही, मी त्यांची धाकटी जाऊ... हो. कर्ज माझंच होतं... हो, सुटले मी. आजच... त्या नाही सुटल्या."

मग ती नुसती ऐकत राहिली. पलीकडचा आवाज चिरका होता, अंगणभर येत होता, पण शब्द कळत नव्हते. ओक-रान आधी बसली होती, ती गुडघ्यांवर आली. मी फोन हिसकावून त्या पोरीला चार शब्द सुनवायला निघाले, तर ताईंनी माझ्या एप्रनचं टोक धरून मला खाली बसवलं.

आवाज थांबला. ताईंना विचारते तेच विचारलं असणार.

"वाटते," ओक-रान म्हणाली. फोन कानाला होता, पण बघत होती ताईंकडे. "वाटते हो. फार वाटते."