शबानानं सही केली नाही

मी व्हर्निअर कॅलिपर बोलतोय. पोलादाची एक पट्टी, तिच्यावर सरकणारा जबडा आणि बारीक रेघा, एवढंच माझं शरीर. जबड्यात वस्तू धरा, तिची जाडी मी सांगतो. कुणाला आवडो न आवडो.

माझं आयुष्य सुरू झालं दारव्ह्यात, रहमतभाईंच्या लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर. बसस्टँडमागं त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. मला बाहेर काढलं की जीपवाले वैतागायचे, "चालते न भाऊ, कायले मोजता?" रहमतभाई हसायचे. त्यांची मुलगी शबाना मात्र हसायची नाही. सातवीत असताना तिनं एका जीपवाल्याच्या हातातून नवा बुश, दांड्यावर बसणारी धातूची नळी, परत घेतला. "हा ढिला आहे. अब्बा दुसरा करून देतील." अब्बांनी तिच्याकडं रोखून पाहिलं आणि दुसरा करायला घेतला.

इंजिनिअर होऊन ती पुण्याला मोटारींच्या कारखान्यात लागली, तेव्हा अब्बांनी मला तिच्या बॅगेत ठेवलं. यंत्रांपाशी काम करणारी ती एकटीच बाई. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, तुम्ही ऑफिसात बसून कागद बघा." ती बूट चढवून ब्रेक जोडायच्या लाईनवर जाऊन उभी राहिली. बारा वर्षांनी त्या विभागाची प्रमुख झाली.

मग बंगळुरू. तिथल्या तिच्या नव्या कारखान्यात विमानाच्या चाकांना धरून ठेवणाऱ्या पिना बनत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची ती मापं माझ्या आवाक्यातली नव्हती, हे कबूल करतो. मी तिच्या टेबलावर पेनांशेजारी पडून असायचो. म्हणूनच ती दुपार मला जवळून बघायला मिळाली. चाळीस पिनांपैकी नऊ मापात नव्हत्या.

"गाडी फाटकावर उभी आहे," साहेब म्हणाले. "नऊच तर आहेत. माल पास म्हणून सही करा."

"नाही करणार."

"मग दुसरं कुणीतरी करेल."

"करू द्या. पण माझ्या नकाराचा कागदही पिनांच्या पेटीत जाईल."

तिनं तो कागद तिथंच लिहिला. पेटी गेली नाही. महिन्याभरात शबानाची मात्र बदली झाली. प्रशिक्षण विभागात, जिथं शिकायला कुणीच येत नसे. दोन वर्षं ती रोज वेळेवर जाऊन त्या रिकाम्या खोलीत बसली. राजीनामा हवा होता त्यांना. तो तिनं दिला नाही.

पुढं कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कंपनीला तांत्रिक संचालक हवा होता. तिच्या नकाराचा किस्सा तिथपर्यंत पोचला होता. तेवढ्यावर त्यांनी तिला बोलावलं.

कंपनीचा नवा गुडघा तपासायला ती आपल्या मुलखात आली. आर्णीजवळच्या तांड्यावरच्या जमनीबाईंचा पाय जीपच्या अपघातात गेला होता. नवा पाय लावून त्या अंगणभर चालल्या आणि तो काढून त्यांनी शबानापुढं ठेवला.

"काय झालं, मावशी?"

"चालता येते. पन खाली बसता येत नाही. चुलीपाशी कुर्ची टाकू का सैपाकाले?"

शबाना परत गेली आणि उकिडवं बसता येईल असा गुडघा मागू लागली. बाकीचे संचालक म्हणाले, "आपलं गिऱ्हाईक खुर्चीवर बसतं." पुढच्या बैठकीत तिनं खुर्च्याच बाहेर काढल्या. प्रत्येकाच्या एका गुडघ्याला फळी बांधली आणि सगळ्यांना जमिनीवर बसवलं. उठताना भिंत धरावी लागली तेव्हा कुठं त्यांनी नव्या गुडघ्यासाठी दीड वर्ष दिलं.

तेवीस नमुने झाले. त्यांच्या खिळी मीही मोजल्या. अठराव्याची कडी निसटली, जमनीबाई पडल्या, मनगट सुजलं. शबाना रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, बस झालं. मी हे बंद करते."

"पडली मी, अन् तू काहून रडून राह्यली? दुसरा घेऊन ये!"

तेविसावा घालून जमनीबाई चुलीपुढं उकिडव्या बसल्या. भाकर थापली, शेकली आणि कुणाचा हात न धरता उठल्या. मग शबानाला म्हणाल्या, "आता तू बस. गरम हाय तवर खाऊन घे."

मी आता म्हातारा झालोय. जबडा दोन रेघांनी झिजलाय. मागच्या महिन्यात माझ्यावर लाल चिठ्ठी लागली, 'वापरू नये'. ती शबानानंच चिकटवली. मला राग आला नाही. तिनं मला सूट दिली असती, तर आला असता.

कंपनी मला दर्शनी दालनात काचेत ठेवणार म्हणते. मला ते मंजूर नाही. काचेतल्या वस्तूला कुणी प्रश्न विचारत नाही. मला यवतमाळच्या एखाद्या वर्गात पाठवा. मुलींच्या हातात द्या. माझ्या रेघा त्यांना वाचू द्या, माझी चूक त्यांनाच पकडू द्या. आणि पकडली, की माझ्या तोंडावर सांगू द्या.