लांब्याच्या वाट्याचा कोट

लढाईवर सिनेमा निघणार आणि तो खुद्द त्या टेकडीवरच चित्रित होणार, हे कळल्यापासून म्हातारा हवेतच होता. नव्वदी ओलांडलेला माणूस, एक पाय गुडघ्याखाली लाकडाचा, कानांनी कधीच राजीनामा दिलेला, पण रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून खिडकीशी बसायचा आणि मुलीला विचारायचा, "आमची पलटण कोण करतंय, कळलं का?"

त्याची पलटण म्हणजे मित्रदेशाची. ऐन विशीत तो समुद्र ओलांडून दुसऱ्यांच्या लढाईत मदतीला आला होता. टेकडीची डावी बाजू त्याच्या पलटणीने जिवाच्या आकांताने धरून ठेवली, म्हणून इथल्या सैन्याला उजवीकडून वर चढता आलं. पलटणीतले बहुतेक जण तिथेच राहिले. याचा फक्त पाय राहिला, आणि उरलेला माणूस ज्या नर्सने बरा केला तिच्याशी लग्न करून तो याच गावचा झाला. दरवर्षी विजयाच्या दिवशी टेकडीवर भाषणं व्हायची आणि एकाही भाषणात त्या पलटणीचं नाव निघायचं नाही. म्हातारा कुरकुर करत नसे. विसरले असतील, म्हणायचा. जणू काही छत्रीच विसरले होते.

त्याची मुलगी शिवणकाम करायची, गाव तिला टेलरबाई म्हणायचं. सिनेमावाल्यांच्या कपडेपटात तिला काम मिळालं आणि तिच्या मुलाला, लांब्याला, गर्दीतल्या सैनिकांमध्ये. लांब्याने उंची बापाची घेतली होती, पण चेहरा आजोबांकडून जसाच्या तसा उचलला होता: रुंद गाल, बारीक डोळे, गावात कुठेही उठून दिसणारा. तोच चेहरा नडला. कपडेपटाच्या प्रमुखाने त्याच्याकडे एकदा पाहिलं, परका तोंडवळा म्हणजे शत्रूच असं धरलं आणि शत्रूचा राखी कोट त्याच्या अंगावर टाकला. शोभतोय, म्हणाला. बाही लांब करून घ्यायला लांब्या तो कोट घालून आईसमोर उभा राहिला, तेव्हा तिने टेप खाली ठेवली.

ती तडक दिग्दर्शकाकडे गेली. माणूस काही वाईट नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मग समजावलं की पडद्यावर आपले आणि शत्रू एवढे दोनच रंग ठेवलेत, तिसरा आणला तर प्रेक्षकांचा गोंधळ उडेल. आणि तसंही, ती पलटण इथे होती हे कुणाला ठाऊक आहे?

"माझ्या बापाचा पाय अजून त्या टेकडीत आहे," टेलरबाई म्हणाली.

दिग्दर्शकाने मान खाली घातली. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. पण वाईट वाटून घेण्यापलीकडे त्याने काही केलं नाही.

लांब्या म्हणाला, काम सोडतो. पण सोडलं तर आजोबा कारण विचारणार, आणि ते सांगायचं कुणी? शेवटी मायलेकांनी मूग गिळले. लांब्या सैनिक झालाय, एवढंच घरात सांगितलं. कुणाचा, ते म्हाताऱ्याने विचारलं नाही. त्याच्या मनात तो प्रश्नच नव्हता. त्याने फक्त चित्रीकरण बघायला येतो म्हणून हट्ट धरला. ऊन आहे, धूळ आहे, चढ आहे, सगळं सांगून झालं. एके दिवशी शेजाऱ्याच्या गाडीत बसून तो थेट टेकडीवर हजर.

राखी कोटातल्या नातवाकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्याने कोटाचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं.

"त्यांना माहीत नसेल," म्हातारा म्हणाला. "सांगितलं की कळेल. चल, कोण मोठा साहेब आहे त्याच्याकडे ने मला."

वाटेतच सिनेमाची प्रसिद्धी सांभाळणारा तरुण भेटला. म्हाताऱ्याचा परका चेहरा, लाकडी पाय, ठेवणीतले कपडे, आणि हात धरायला शत्रूच्या कोटातला, अगदी त्याच तोंडवळ्याचा नातू. "मी इथे लढलो," म्हातारा सावकाश म्हणाला. इतकी वर्षं इथे काढूनही त्याच्या बोलण्यातला परका हेल गेला नव्हता. तरुणाला पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. त्याला घबाड सापडलं होतं. त्याने छायाचित्रकाराला बोलावलं, नायकाला बोलावलं, आणि लाउडस्पीकरवरून जाहीर केलं की शत्रूच्या फौजेतला एक वृद्ध सैनिक, जुनं वैर विसरून, आज आपल्या टेकडीवर आला आहे.

सगळं युनिट उठून टाळ्या वाजवू लागलं. म्हाताऱ्याला शब्द ऐकू आले नाहीत. त्याला उठलेली माणसं दिसली. तो ताठ झाला, आणि सलाम ठोकताना त्याच्या गालांवरून पाणी वाहू लागलं.

टेलरबाई हातातलं काम टाकून धावत आली. "अहो, ते शत्रू नव्हते, तुमच्याच बाजूने लढले," ती त्या तरुणाला सांगत होती. "काकू, जाऊ द्या ना," तो हळूच म्हणाला, "किती छान चाललंय." तेवढ्यात लांब्या माइककडे झेपावला. त्याने तो घेतलाही असता. पण टेलरबाईची नजर बापाच्या चेहऱ्यावर गेली. एवढा सुखी चेहरा तिने घरात कधी पाहिला नव्हता. तिने लांब्याची बाही घट्ट धरली आणि मानेने नको म्हटलं. फोटो निघाले. इतकी वर्षं भाषणवाल्यांनी जे केलं तेच आज आपण केलं, हे तिला कळत होतं, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

परतताना गाडीत म्हातारा तिचा हात सोडेना. "बघितलंस? मनाने वाईट नव्हते ते. कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना." मग लांब्याकडे वळून म्हणाला, "उद्या गेलास की आमचा कोट माग. आता नाही म्हणणार नाहीत."

"हिरवट रंग होता," म्हातारा मुलीला सांगू लागला. "खिशांना झाकणं होती, गळ्यापर्यंत बटणं. शिवशील ना तू?"

"शिवते, बाबा," ती म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही. मग तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि तेच पुन्हा, मोठ्याने म्हटलं.