परातीतलं विष

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर महाराज, पुढ्यात नितळ पाण्याची परात. महाराजांनी रोग्याच्या तळहातांना मलम चोळायचं, रोग्याने हात परातीत बुडवायचे, की पाणी काळंकुट्ट! "औषधांचं विष उतरलं!" महाराज गरजायचे आणि लोक माना डोलवायचे.

ताई मात्र कपाळाला आठ्या घालून धाकट्या भावासोबत रांगेत उभी होती. वर्षापूर्वी तिने त्याला स्वतःचं एक मूत्रपिंड दिलं होतं. शरीराने ते परकं समजून हाकलू नये म्हणून त्याला रोज गोळ्या घ्याव्या लागत. त्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबते. तशात रक्तात विषाणू वाढले, म्हणून डॉक्टरीणबाईंनी एक गोळी अर्धी केली. भाऊरायांनी अर्थ काढला, की गोळ्याच वाईट! चार दिवसांपासून त्याने सगळ्याच बंद केल्या होत्या आणि ते ताईला सांगत होता आत्ता.

"अगं, डॉक्टर अर्धी बंद करतात, महाराज पूर्ण. सोपं आहे."

"गाढवा, मूत्रपिंड माझं आहे!" ताई ओरडली.

तोवर त्याचा नंबर लागला. पाणी काळं झालं, टाळ्या पडल्या. ताईने त्याचे तळहात हुंगले. वीस वर्षं कापड रंगवणाऱ्या बाईला तो वास कोण शिकवणार? हिरडा!

"महाराज, पुढच्या रोग्यासाठी भरून ठेवलेली ती परात घ्या. आता तुमचे हात बुडवा."

"आम्ही औषधं घेत नाही, बालिके."

"मग भीती कसली?" म्हणत तिने त्यांचे मलमाने माखलेले हात धरून त्या परातीत दाबले. पाणी काळं!

"अगं बाई! महाराज, तुम्हाला कुणी मूत्रपिंड दिलं?"

सभागृह खो खो हसलं. महाराजांनी मागच्या दाराने धूम ठोकली.

"मलमात हिरड्याची पूड, पाण्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार," ताईने सांगितलं. "दोन्ही भेटले की काळा रंग. आमच्या कारखान्यात हे रोज होतं. तिथे कुणी हात जोडत नाही."

तिथून ती भावाला थेट रुग्णालयात घेऊन गेली. शरीर मूत्रपिंडावर उलटायला लागलं होतं. वेळेत आलात, उपचार होतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी विषाणू मोजून गोळी कमी केली. तुम्ही कशाच्या आधारावर बंद केल्यात?"

भाऊ खाटेवर मान खाली घालून बसला. "चुकलं, ताई."

"शंका आली तर विचार रे. डॉक्टरांना विचार, मला विचार, महाराजांनाही विचार, पाण्यात काय घातलंय म्हणून." ताईने गोळ्यांची डबी त्याच्या हातात ठेवली. "माझ्याकडे जास्तीचं एकच होतं. ते देऊन झालंय."