चादरींच्या गाण्यातली बाई

सिनेमाचं नाव विचारलं तर दहातले नऊ जण डोकं खाजवतात आणि दहावा छातीठोकपणे चुकीचं सांगतो. पण गाणं? ते शेंबड्या पोरालाही पाठ. गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी, भन्नाट वारा, आणि त्या चादरींमधून लपतछपत गाणारी एक सडपातळ मुलगी. लोक त्याला चादरींचं गाणंच म्हणतात. ते लग्नात वाजतं, लिफ्टमध्ये वाजतं, बँकेला फोन केला आणि त्यांनी ताटकळत ठेवलं की तिथेही वाजतं.

त्या चादरींमधली मुलगी म्हणजे आपली बेबीमावशी. आता मुलगी कसली म्हणा, सत्तरी उलटलेली, गुडघ्याला पट्टा बांधणारी बाई. त्या एका सिनेमानंतर तिनं कॅमेऱ्याचं तोंड पाहिलं नाही. लग्न झालं, मुलगा झाला, आणि पुढे दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलाशी बसून, नंबर लावून देण्यात तिचा जन्म गेला. तिथेही लोक ओळखायचे. "तुम्ही त्या चादरीवाल्या ना?" असं सुजलेल्या गालानं विचारायचे, आणि भूल उतरायच्या आत गाणं गुणगुणून दाखवायचे. बेबीमावशी लाजायची, पण त्या दिवशी घरी जाताना तिची चाल वेगळी असायची.

दुःख एकच होतं, आणि त्या दुःखाचं नाव वन्सं. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. ऐंशी गाठली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ मात्र लखलखीत. चारचौघांत कुणी गाण्याचा विषय काढला की वन्सं हमखास म्हणायच्या, "गळा दुसरीचा, चाल तिसऱ्याची. हिनं काय केलं? ओठ हलवले. ते तर मासेपण हलवतात."

हे बेबीमावशीला फार लागायचं. लागायचं कारण ते खोटं नव्हतं. गाणं तिनं गायलंच नव्हतं. पण सिनेमात तिनं कामही केलं होतं की! बंद दाराचा प्रसंग होता. रागाच्या भरात घर सोडून गेलेली मुलगी परत येते, बाप दार उघडत नाही, आणि ती त्या बंद दाराशीच बोलते. लांबलचक बोलणं होतं ते. कॅमेऱ्यासमोर ते करताना तिनं खरे अश्रू काढले होते. घरातल्या प्रत्येक समारंभात ती तो प्रसंग करून दाखवायची. बाप कुणी मिळत नसल्यानं न्हाणीघराच्या दाराशी करायची. एकदा आत खरोखरच सासरे होते, त्यांनी घाबरून लगेच कडी काढली, आणि तो किस्सा प्रसंगापेक्षा जास्त गाजला. सगळे हसायचे. टाळ्या मात्र एकटी तिची बहीण, ताई वाजवायची, अगदी शेवटपर्यंत.

"सिनेमा बघा म्हणजे कळेल," असं बेबीमावशी वन्संना म्हणायची. पण बघायचा कुठे? तो दुसऱ्याच कुठल्या शहरात जेमतेम चार दिवस चालला आणि उतरला. तेव्हा बेबीमावशी बाळंतीण होती, तिनंही पाहिला नव्हता. पुढे दिग्दर्शक वारला, रिळं कुठे गेली ती देव जाणे. गाणं तेवढं रेडिओनं उचललं, मग टीव्हीनं, आणि सिनेमा मागे पडला तो पडलाच.

आणि मग एक दिवस फिल्म क्लबच्या सेक्रेटरीचा फोन आला. एका बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर अख्खा सिनेमा सापडला होता. रिळं धुऊनपुसून रविवारी दुपारी दाखवणार होते, आणि नायिका म्हणून सत्काराला तुम्ही याच, असं आमंत्रण होतं.

बेबीमावशीनं अख्खं गणगोत गोळा केलं. वन्संना तर स्वतः गाडी पाठवते म्हणाली. मग ताईकडे गेली. ताई तिची सख्खी थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे तिचं छोटंसं दुकान होतं. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, असली कामं. वर माडीवर एकटी राहायची. शूटिंगच्या वेळी वडिलांनी अट घातली होती की ताई सोबत असेल तरच बेबी जाईल. म्हणून ताई गेली होती. तिथे नायिकेचे कपडेही तीच शिवायची आणि रोज बेबीचं पाठांतर घ्यायची.

ताईनं बातमी ऐकली आणि मशीनवरचा पाय काढला.

"कशाला उकरून काढायचं ते?" ती म्हणाली. "गाणं आहे ना छान. तेवढं बास की."

"बास काय? आयुष्यभर ओठ हलवले म्हणून ऐकून घेतलंय मी. तू माझ्या शेजारी बसायचंस."

"माझा गुडघा धरलाय."

"माझापण धरलाय. दोघी धरून जाऊ."

पण रविवारी ताई आलीच नाही. फोनही उचलला नाही तिनं. बेबीमावशीच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी राहिली. उजव्या हाताला वन्सं होत्या, आणि त्यांच्या पलीकडे सूनबाई.

दिवे गेले. पाट्या सुरू झाल्या, आणि पडदाभर बेबीमावशीचं नाव आलं. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. तिनं पदर सारखा केला. मग एक घर दिसलं, अंगण दिसलं, आणि पाठमोरी वेणी घातलेली एक मुलगी दिसली. ती वळली.

आपण इतक्या बारीक होतो? बेबीमावशीला पहिल्यांदा एवढंच वाटलं. मग वाटलं, तरुणपणी आपण थेट ताईसारख्या दिसायचो की. मग ती मुलगी बोलली. आवाज ताईचा होता. नाक ताईचं होतं. हसताना खालचा ओठ दाताखाली घ्यायची खोड ताईची होती. पडद्यावर ताईच होती.

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. ताईच होती.

तिला वाटलं, काहीतरी घोळ झालाय, दुसराच सिनेमा लावलाय मेल्यांनी. पण घर तेच होतं, बापाचं काम करणारा नट तोच होता, आणि ज्या वाक्यांवर ती नेहमी अडखळायची ती वाक्यंही तीच होती. ताई मात्र कुठे अडखळत नव्हती.

"आई," सूनबाई वन्संच्या पाठीमागून वाकून कुजबुजली, "ही कोण? तुम्ही कधी येणार?"

बेबीमावशीनं पडद्यावरची नजर काढली नाही. आणि तेवढ्यात ती आली. चादरी फडफडल्या, गाणं सुरू झालं, हॉलमधले निम्मे लोक सोबत गायला लागले, आणि चादरींआडून तिचा स्वतःचा चेहरा बाहेर आला. गाणं संपेपर्यंत ती होती. गाणं संपलं, मुलगी जिना उतरून खाली आली, आणि खाली आली ती ताई होती. हॉलमध्ये चुळबुळ झाली. कुणीतरी फिसकन हसलं.

अंगावर वीज पडावी तशी ती बसून राहिली. सिनेमात ती होती, पण गाण्यापुरती. आधी नाही, नंतर नाही. तिनं केलेलं सगळं काम कापून फेकून दिलं होतं, आणि त्या जागी तिची सख्खी बहीण उभी होती. आणि ही बया इतकी वर्षं न्हाणीघराच्या दाराशी टाळ्या वाजवत होती.

मग तो प्रसंग आला.

ताई बंद दारापाशी आली. बेबीमावशीनं तिथे हुंदके दिले होते, दारावर डोकं आपटलं होतं, गडबडा लोळायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. ताई यातलं काहीच करत नव्हती. ती दाराला टेकून उभी राहिली आणि हळू आवाजात बोलत गेली, आत बाप जेवायला बसला असेल आणि त्याचा घास अडकायला नको, अशा बेतानं. मध्येच तिनं दाराच्या कडीवरून हात फिरवला. बस. बेबीमावशीला संताप यायला हवा होता, पण गालावर काहीतरी ओघळलं तेव्हा तिला कळलं की आपण रडतोय.

तेवढ्यात वन्संनी तिचा हात घट्ट धरला. वन्सं. नवऱ्याच्या मयतालाही ज्यांनी डोळ्याला पदर लावला नव्हता, त्या मुसमुसून रडत होत्या.

"बेबी," त्या म्हणाल्या, "चुकले गं मी. ओठ हलवले म्हणत राहिले जन्मभर. तू तर जीव ओतलायस."

मोतीबिंदूच्या डोळ्यांना चेहरा काय दिसणार? त्यांनी सुरुवातीला सूनबाईकडून पाटीवरचं नाव वाचून घेतलं होतं, आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं. ज्या शब्दांसाठी बेबीमावशी आयुष्यभर तळमळली, ते शब्द असे तिच्या ओटीत पडले. सांगावं, की गप्प बसावं? ती गप्प बसली. हात मात्र तिला सोडवून घेता आला नाही.

दिवे लागले. तिला स्टेजवर नेऊन शाल दिली. सेक्रेटरी काळ्या फ्रेमच्या चष्म्याचा, भारी विद्वान माणूस होता. माईक घेऊन म्हणाला, "एकाच भूमिकेसाठी दोन चेहरे. वास्तवातली स्त्री वेगळी आणि स्वप्नातली वेगळी. त्या काळात हा केवढा धाडसी प्रयोग. दिग्दर्शकांनी यामागचा विचार तुम्हाला सांगितला होता का?"

"विचार?" बेबीमावशी म्हणाली. "मला घरी जायचंय."

लोकांनी यावरही टाळ्या वाजवल्या. ती तशीच शाल पांघरून बाहेर पडली, सूनबाईला वन्संना घरी सोडायला सांगितलं, आणि रिक्षा करून थेट ताईच्या दुकानात गेली.

रविवार असूनही दुकान उघडं होतं. ताई मशीनपुढे बसली होती. मशीनवर कापड नव्हतं.

"पाहिलास?" ताईनं विचारलं.

"पाहिला. बोल आता."

ताईनं सगळं सांगितलं. लपवायला उरलंच काय होतं? बेबी लग्न होऊन सासरी गेल्यावर दिग्दर्शक घरी आला होता. चित्रीकरण जोडून पाहिलं, तर म्हणाला, मुलगी दिसते सुरेख पण बोलायला लागली की सगळं मुसळ केरात. त्या काळी गाणं आधी उरकायची पद्धत होती, ते दाखवून पैसा उभा करायचा. गाणं आणि पाट्या तयार होत्या, त्यावर परत खर्च करायला त्याच्याकडे दमडी नव्हती. चेहरेपट्टी जुळते, वाक्यं पाठ आहेत, म्हणून त्यानं ताईला विचारलं. ताई वडिलांना शिवणकामाला जाते सांगून गेली.

"मी सांगणारच होते तुला," ताई म्हणाली. "पण तू बाळंतीण, त्यात दूध येत नव्हतं तुला, म्हटलं आत्ता नको. तोवर सिनेमा उतरला. म्हटलं, मेलं ते मढं, कशाला उकरा. मग रेडिओवर तुझं गाणं वाजायला लागलं. लोक तुला बघायला यायला लागले. तेव्हा कोणत्या तोंडानं सांगायचं, की बाई, तुझं फक्त गाणंच ठेवलंय?"

"आणि मी तो प्रसंग करून दाखवायचे तेव्हा? मनात हसायचीस ना?"

"एकदाही नाही."

"एवढं वाईट करायचे मी?"

ताई मशीनचं चाक हातानं उगीच फिरवत राहिली. बेबीशी खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही, ती फक्त गप्प बसू शकत होती. बेबीमावशी मटकन स्टुलावर बसली. राग होता, चिक्कार होता, पण तो धरून ठेवायला बोटं पुरत नव्हती. बाहेर दोन मुली गाणं म्हणत गेल्या. तेच गाणं. दोघी बहिणींनी ते ऐकलं.

मग ताईनं मान खाली घालून, टेबलावरचे धाग्यांचे तुकडे गोळा करत विचारलं, "बेबी, मी कशी झालेय गं?"

"म्हणजे?"

"मी तरी कुठे पाहिलाय? वडिलांना चोरून गेले होते. दुसऱ्या गावाला बघायला कशी जाणार होते? आज यायचं होतं, पण तुझ्या शेजारी बसून बघायची हिंमत झाली नाही." ती थांबली. "वाईट झाले असले तर वाईट सांग. पण सांग."

बेबीमावशी तिच्याकडे बघतच राहिली. एवढी वर्षं ही बाई लोकांच्या पँटी आखूड करत बसली होती आणि हा एक प्रश्न पोटात ठेवून होती. विचारायचा तरी कुणाला?

"वन्सं रडल्या," बेबीमावशी म्हणाली. "दाराच्या प्रसंगाला."

"वन्सं? काहीतरीच."

"मीपण रडले. तुझा गळा दाबायचा होता मला, आणि मी रडत बसले."

"खरं सांगतेस?"

"खोटंच बोलायचं असतं तर वाईट झालीस म्हणाले असते."

ताईनं तोंडावर हात दाबून धरला. तिचे खांदे हलत होते, आणि ते हसू होतं की रडू हे बेबीमावशीला शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं शाल काढून ताईच्या अंगावर टाकली. मग पर्समधून फोन काढला, आणि विचार बदलायच्या आत वन्संना लावला.

"वन्सं, मघाशी तुम्ही जे म्हणालात ना, ते माझं नव्हे. पडद्यावर मी नव्हते. ती ताई होती. मी फक्त गाण्यात होते."

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं.

"तरीच," वन्सं म्हणाल्या. "दे, तिला फोन दे."

बेबीमावशीनं दिला.