घरी कुणी आहे

बेसिमची शेवटची गाणी शुक्रवारी बाहेर आली आणि रविवारपर्यंत झेनिका गावात झियादशी धड बोलणारं माणूस उरलं नाही.

बेसिम फेब्रुवारीत गेला होता, यकृतानं. पोलाद कारखान्याच्या चाळींमधून वर आलेला गायक, तीस वर्षं लोकांच्या तोंडी असलेला. झियाद पहिली सोळा वर्षं त्याच्यासोबत गिटार वाजवायचा. मग दोघांचं बिनसलं, झियादनं गिटार ठेवली आणि सोफे-खुर्च्यांना कापड चढवायचं दुकान टाकलं. बेसिम गेल्यावर त्याच्या मुलीला, नेर्मिनाला, त्याच्या खोलीत रेकॉर्डर सापडला. त्यात नऊ गाणी होती, एकट्याचा आवाज आणि एक गिटार. तिनं ती जशीच्या तशी काढली, असं वर्तमानपत्रात छापून आलं.

चौथ्या गाण्यात बेसिम म्हणत होता:

टीव्ही बोलता बोलता गप्प झाला, झियो,
मग मला कळलं, घरी कुणी आहे.

झियो म्हणजे कोण, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. 'त्यानं दार लावलं म्हणून बेसिम मेला,' असं कुणीतरी फोनवर लिहिलं आणि ते वाऱ्यासारखं पसरलं. सोमवारी दुकानाच्या भिंतीवर लाल रंगात मजकूर होता: दार उघड, झियो. बेकरीतली बाई पावाचे पैसे घेताना त्याच्याकडे बघेना. बाजारात मासेवाला मुद्दाम मोठ्यानं ओरडला, "झियो, दार लोटून घे रे बाबा, वारा येतोय!" आणि चार माणसं हसली. दोन गिऱ्हाइकांनी आपल्या खुर्च्या अर्धवट उसवलेल्या अवस्थेत परत नेल्या.

"तू काहीतरी बोल ना लोकांशी," त्याची बायको अझ्रा म्हणाली. "सांग, गाणं आहे ते. गाण्यात काय वाटेल ते असतं."

झियादनं मान हलवली. त्याला बोलता येत नव्हतं, कारण गाण्यात काय वाटेल ते नव्हतं. जानेवारीतल्या एका दुपारी अझ्रा बहिणीकडे गेली होती. तो कॉफी पीत हॅण्डबॉलचा सामना बघत होता. जिन्यात बेसिमचा आवाज आला, प्यालेला. त्या महिन्यातली ही पाचवी खेप. आता आत येईल, रडेल, शिव्या देईल, सोफ्यावर ओकेल. झियादनं रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. दहा मिनिटं तो श्वास रोखल्यासारखा बसून राहिला. बाहेर बेसिमनं दोनदा हाक मारली, मग काहीतरी गुणगुणला आणि उतरून गेला. अठरा दिवसांनी तो वारला. हे झियादनं अझ्रालाही सांगितलं नव्हतं. बेसिमला तेव्हाच कळलं होतं, हे त्याला गाणं ऐकल्यावर कळलं.

शनिवारी बेसिमचा वाढदिवस होता. चाहते युवक केंद्रात जमणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिथून ते दुकानावर येणार, हे अझ्राला शेजारणीनं सांगितलं. "आज उघडू नकोस," ती म्हणाली. झियादनं तरीही शटर वर केलं. बंद ठेवलं असतं तर लोकांना आणखी एक बंद दार मिळालं असतं.

बारा वाजता मागच्या अंगणातून नेर्मिना आली. तिशीची, परिचारिकेच्या गणवेशातच. धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती.

"झिया काका, ते निघालेत. साठ-सत्तर जण आहेत. मीर्साद पुढे आहे."

मीर्साद म्हणजे कारखान्यातला क्रेनवाला, बेसिमच्या चाहत्यांचा म्होरक्या. माणूस अंगानं दांडगा, मनानं हळवा, म्हणूनच धोक्याचा.

"तू कशाला आलीस?" झियाद म्हणाला. "तुला ते डोक्यावर घेतात. माझ्याबरोबर दिसलीस तर तुझंही नाव खराब होईल."

ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. "काका, तुमचं नाव मी गाण्यात का ठेवलं, विचारलं नाहीत तुम्ही."

"त्यानं गायलंय. तू काय करणार?"

"त्यानं अजून एक कडवं गायलंय."

बाहेर लांबून ढोल ऐकू यायला लागला. नेर्मिनानं खिशातून फोन काढला, त्यावरचं एक बटण दाबलं आणि फोन टेबलावर ठेवला. बेसिमचा घोगरा आवाज दुकानात आला:

भिंगातला उजेड गेला, नेर्मा,
मग मला कळलं, घरी कुणी आहे.

"दाराच्या भिंगाला मी डोळा लावला होता," ती म्हणाली. "बाहेरून काळोख दिसतो ना, कुणी डोळा लावला की. बाळ झोपलं होतं. मी बघत राहिले बाबाकडे. तो सरळ माझ्याकडे बघत होता. मी नाही उघडलं." तिनं नाक पुसलं. "हे कडवं मी कापलं. तुमचं ठेवलं. लोक एकावर भागवतील असं वाटलं मला."

झियादला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आठ दिवसांचा तो मासेवाला, ती बेकरीवाली, तो लाल रंग. पण समोर बसलेली ही तीच पोर होती, जिला त्यानं दौऱ्यावरच्या गाडीत मांडीवर झोपवलं होतं.

"मी सांगते त्यांना आज," ती उठली.

"बस खाली. आज नाही. आज त्यांच्या अंगात आलंय."

दारासमोर गर्दी थांबली. कुणीतरी गाडीच्या स्पीकरवर चौथं गाणं मोठ्यानं लावलं. "बाहेर ये!" असा ओरडा झाला. एक दगड शोकेसच्या काचेवर बसला आणि काच वरपासून खालपर्यंत तडकली. नेर्मिना गठ्ठ्यांच्या मागे सरकली. झियाद बाहेर गेला आणि पायरीवर उभा राहिला.

मीर्साद पुढे आला. त्याचे डोळे सुजलेले होते. "एकच विचारतो, उस्ताद. खरंय का?"

"गाणं बंद करा, मग सांगतो."

गाणं बंद झालं.

"खरंय," झियाद म्हणाला. "तो आला होता. मी घरात होतो. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि गप्प बसलो."

गर्दीला नकार हवा होता, आणि नकारावर काय करायचं ते ठरलेलं होतं. होकारावर काय करायचं ते कुणालाच सुचेना. मागून एक तरुण ओरडला, "मग तूच मारलंस त्याला!"

"त्याला दारूनं मारलं. पण त्या दुपारी मी घरात होतो, ते खरं आहे."

"आणखी कुणी?" मीर्सादनं विचारलं. "आणखी कुणी दार नाही उघडलं?"

झियादनं मागे वळून बघितलं नाही. "मी माझ्या दाराचं सांगतो," तो म्हणाला. "दुसऱ्यांचं मला विचारू नका."

मीर्साद पायरीजवळ थुंकला, अंगावर नाही, पायरीजवळ, आणि वळून चालायला लागला. हळूहळू बाकीचेही पांगले. एक म्हातारी तेवढी जाता जाता म्हणाली, "खोटं बोलला असतास तर बरं झालं असतं. आता शिव्या कुणाला घालायच्या?"

संध्याकाळी त्यानं अझ्राला सगळं सांगितलं. ती दोन दिवस अबोल राहिली. मग तिनं त्याच्यापुढे जेवण वाढलं, पण त्या दुपारबद्दल काही विचारलं नाही.

दहा दिवसांनी नेर्मिनानं पूर्ण गाणं बाहेर काढलं, दोन्ही कडव्यांसकट. बापाच्या नावावर पैसे कमावणारी, बापाला दारात उभं ठेवणारी, आणि वर दुसऱ्याला पुढे करणारी, असं लोक तिला म्हणायला लागले. झियादबद्दल कुणी बोलेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या इमारतीपाशी लोक जमतायत असं ऐकल्यावर तो हातातली कात्री टाकून निघाला.

नेर्मिना तिसऱ्या मजल्यावर राहायची. तो दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, मधोमध बसला. थोड्या वेळानं सात-आठ जण वर आले. पुढे एक पन्नाशीची बाई होती, गळ्यात बेसिमच्या जुन्या दौऱ्याचा फिकट झालेला स्कार्फ.

"बाजूला व्हा," ती म्हणाली.

"होणार नाही. जायचं असेल तर मला ओलांडून जा."

"तुमच्या तोंडाला काळं फासलं तिनं! आणि तुम्ही तिची राखण करताय?"

"माझ्या तोंडाचं मी बघून घेईन."

"तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी," ती म्हणाली. मागच्या तरुणानं झियादच्या खांद्याला धक्का दिला. त्याचं डोकं कठड्यावर आपटलं, पण तो हलला नाही. दुसरा कुणीतरी त्या तरुणाला म्हणाला, "ए, म्हाताऱ्याला हात लावू नकोस." मग कुणीच काही करेना.

त्या बाईला जिने चढून दम लागला होता. ती भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली घसरत पायरीवर बसली. स्कार्फच्या टोकानं तिनं तोंड पुसलं.

"माझ्या नवऱ्याच्या मयतीनंतर मी वर्षभर बेसिमचाच आवाज ऐकत होते," ती म्हणाली. "असा माणूस, आणि त्याला कुणी घरात घेऊ नये? एवढा प्यायचा का तो?"

"हो," झियाद म्हणाला. "एवढा प्यायचा. माझ्या लग्नात त्यानं केक फेकला होता. अझ्राच्या बापाला लागला." तो डोक्याची दुखरी जागा चोळत होता. "पण कितीही प्यालेला असला, तरी घरात पाऊल ठेवायच्या आधी बूट काढायचा. नाडी सुटत नसायची, तर बसून बसून सोडायचा. त्याच्या आईनं लावलेली सवय."

बाई हसली आणि तिला रडू फुटलं. तो तरुण दोन पायऱ्या खाली सरकून बसला. "आणखी सांगा," तो म्हणाला, जरा अडखळत.

त्या दिवशी वर कुणी गेलं नाही.